धुळपाटीपासून बोलत्या यंत्रापर्यंत

शाळामास्तर आता लवकरच अनावश्यक होणार, ही बातमी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत निदान पाच वेळा तरी जगभर पसरली आहे. १९१३ साली अमेरिकेत थॉमस एडिसनने मोठ्या विश्वासाने सांगितले होते की, शाळेतली पुस्तके लवकरच हद्दपार होतील, त्यांची जागा चलच्चित्रे घेतील आणि दहा वर्षांत शाळेचा सारा कायापालट होईल. चलच्चित्रे आली, पण ती शाळेत न शिरता तंबूत आणि थिएटरात शिरली. मग रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली, शिकवणारी यंत्रे आली, संगणक आला. प्रत्येक वेळी भाकीत तेच. आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा झाली, तेव्हा हजेरीपट काखेत मारून मास्तर वर्गात शिरलाच.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅट-जीपीटी नावाचे संभाषण करणारे यंत्र लोकांना खुले झाले, आणि तीच बातमी पुन्हा एकदा निघाली. या खेपेस ती थेट आमच्या शिक्षकांच्या खोलीपर्यंत येऊन पोचली. कोणी हसले, कोणी घाबरले, कोणी त्याच संध्याकाळी आपली टाचणे त्या यंत्राकडून लिहून घेतली. मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; त्यापुढे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि वर्गात. परंतु कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला एक खोड असते. एखादे पात्र अचानक दारात येऊन उभे राहिले, तर ते कोणत्या घरातून आले, त्याचे आजे-पणजे कोण, हे समजून घेतल्याखेरीज त्याला चैन पडत नाही. या बोलत्या यंत्राची वंशावळ मी शोधू लागलो तो त्याच खोडीने. जे सापडले, ते वाचकांपुढे ठेवतो.

ही वंशावळ आपल्या अंगणातूनच सुरू होते, हे पाहून मला आनंद झाला. छापील पुस्तके येण्यापूर्वीची पंतोजींची शाळा आठवा. देवळाचा मंडप नाही तर कुणा सावकाराची ओसरी. समोर धुळपाट्या घेऊन बसलेली लहानमोठी मुले. मोठा मुलगा पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी म्हणून दाखवी आणि बाकीची त्याच्यामागून सुरात घोकत. पंतोजी एकच, मुले अनेक; म्हणून थोरल्याने धाकट्याला शिकवावे ही साधी सोय होती. दक्षिण हिंदुस्थानातल्या शाळांतही रीत अशीच होती. १७८९ च्या सुमारास मद्रासेजवळ एग्मोर येथे गोऱ्या सोल्जरांच्या पोरक्या मुलांची शाळा डॉ. अँड्र्यू बेल या पाद्र्याच्या हाती आली. शिक्षकांची वानवा होती आणि होते ते नवे काही करावयास तयार नव्हते. एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवीत असलेली बेलने पाहिली, आणि तीच तऱ्हा आपल्या शाळेत आणून मोठ्या मुलांना धाकट्यांचे शिक्षक नेमले. १७९७ मध्ये लंडनला त्याने या प्रयोगाचे लहानसे पुस्तक छापले. पाहता पाहता ‘मद्रास पद्धती’ इंग्लंडभर पसरली. जोसेफ लँकॅस्टरने तसलीच पद्धत आपल्या शाळांत चालवली आणि एका मास्तराच्या हाताखाली शेकडो मुले बसू लागली.

या गोष्टीचा आपल्याला अभिमान वाटावा हे ठीकच. पण तिच्यातले एक मर्म ध्यानात ठेवण्यासारखे आहे. शाळेकडे यंत्र म्हणून पाहण्याची सुरुवात इथे झाली. कमी खर्चात, कमी शिक्षकांत, जास्त मुले: हा हिशेब त्या दिवसापासून आजपर्यंत प्रत्येक नव्या साधनाच्या पाठीवर बसून आला आहे. ओसरीवरच्या शाळेत जी अडचणीतून निघालेली माणुसकीची सोय होती, तिचा इंग्लंडच्या कारखानदारीच्या काळात कवायतीसारखा साचा झाला. साधन तेच, वापरणाऱ्याचा हेतू बदलला.

पुढे पुस्तक आले. १८२२ साली मुंबईत शाळापुस्तकांसाठी मंडळी स्थापन झाली आणि एल्फिन्स्टनच्या अमदानीत मराठी क्रमिक पुस्तके तयार होऊ लागली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या त्या १८२८ साली. छापील पुस्तक हेही एक यंत्रच, आणि त्या वेळी ते आजच्या कोणत्याही पडद्याइतकेच अपूर्व होते. आजवर जे गुरूच्या मुखातूनच मिळत असे, ते आता गुरू समोर नसतानाही मिळू लागले. पंतोजी संपला का? नाही. घोकून घेणारा पंतोजी मागे पडला आणि अर्थ सांगणारा मास्तर पुढे आला. प्रत्येक साधन मास्तराचे एखादे काम काढून घेते आणि दुसरे एखादे त्याच्या गळ्यात बांधते. हा नियम मनाशी धरून पुढचा इतिहास पाहिला, तर तो बराच उलगडतो.

खऱ्या अर्थाने शिकवणारे यंत्र म्हणावे असे पहिले यंत्र ओहायो स्टेट विद्यापीठातील सिडनी प्रेसी या मानसशास्त्रज्ञाने १९२४ साली लोकांपुढे मांडले. दिसावयास ते टंकलेखन-यंत्राच्या धाकट्या भावासारखे. एका खिडकीत प्रश्न आणि चार उत्तरे दिसत; मुलाने चार कळांपैकी एक दाबावयाची. यंत्र बरोबर उत्तरांची मोजदाद ठेवी. एक खिट्टी फिरवली की बरोबर कळ दाबल्याशिवाय पुढचा प्रश्नच येत नसे. आणि ठरावीक उत्तरे बरोबर आली की गोळी बाहेर पडण्याचीही सोय त्याला जोडता येई! प्रेसीचा हेतू चांगला होता. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली दबलेल्या शिक्षकाला मोकळे करावे, म्हणजे त्याला मुलांकडे पाहावयास वेळ मिळेल, असे त्याचे म्हणणे. पण १९२९ नंतर अमेरिकेत मंदी आली. माणसांनाच काम नव्हते, तेथे माणसाचे काम वाचवणारे यंत्र कोण घेणार? १९३२ साली प्रेसीने खिन्न होऊन हा उद्योग आवरता घेतला.

दुसरा अध्याय सुरू होतो तो नोव्हेंबर १९५३ मध्ये. हार्वर्डचे प्राध्यापक बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या वर्गात पालक म्हणून जाऊन बसले. गणिताचा तास चालला होता. फळ्यावर उदाहरणे होती. काही मुले केव्हाच सोडवून मोकळी होऊन बाकावर चुळबुळत होती, काहींना पहिलेच उदाहरण सुटत नव्हते, आणि बाई बाकांमधून फिरत इथे बोट दाखव, तिथे मान डोलाव, असे करीत होत्या. कागद गोळा व्हावयाचे, घरी तपासले जावयाचे आणि दुसऱ्या दिवशी परत मिळावयाचे. आपले चुकले की बरोबर आले, हे मुलाला कळण्यात एक दिवस जात होता. जगातल्या प्रत्येक मास्तराने हे दृश्य रोज पाहिलेले आहे. स्किनर मात्र अस्वस्थ होऊन घरी गेले, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी आपले पहिले यंत्र बनवले. १९५४ साली त्यांनी ते जाहीर करून दाखवले.

स्किनरच्या यंत्रात एक गोष्ट अशी होती की, तिच्यासाठी मी त्यांना मनोमन नमस्कार करतो. प्रेसीच्या यंत्रात चारातून एक निवडावयाचे होते. स्किनर म्हणाले, निवडणे हे शिकणे नव्हे. मुलाने उत्तर स्वतः लिहिले पाहिजे. म्हणून त्यांच्या यंत्रात मुलगा कागदाच्या पट्टीवर उत्तर लिही आणि दांडी सरकवी. त्याचे उत्तर काचेखाली जाई, म्हणजे खाडाखोड करावयाची सोय नाही, आणि शेजारी बरोबर उत्तर दिसे. लहान लहान पायऱ्या, प्रत्येक पायरीवर मुलाची स्वतःची कृती आणि कृतीचा निकाल ताबडतोब, ही त्यांची त्रिसूत्री. पुढे यंत्रे विकावयास मोठमोठ्या कंपन्या सरसावल्या. यंत्राच्या पोटात घालावयाचे पाठ मात्र घाईघाईने लिहिले गेले. तोच तोच धडा, तीच तीच गाळलेली जागा. मुले कंटाळली आणि १९६० चे दशक संपता संपता ती लाट ओसरली. यंत्र उत्तम पण पाठ भिकार, हे दुखणे पुढेही वारंवार दिसते.

तोवर संगणक उभा राहिला होता. १९६० साली इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ नावाची व्यवस्था सुरू केली. एका मोठ्या संगणकाला पडदे जोडून त्यावर धडे दिसावयाचे. स्टॅनफर्डला पॅट्रिक सप्स मुलांना संगणकावर अंकगणिताचा सराव देत होते. १९६६ साली सप्स यांनी लिहिले की, राजपुत्र अलेक्झांडरला अॅरिस्टॉटल मिळाला होता. तसा ज्ञानी आणि तत्पर शिक्षक थोड्याच वर्षांत लक्षावधी मुलांना मिळेल. हे स्वप्न वाचून आजही अंगावर रोमांच उभे राहतात. कारण आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलांच्या बापांना अॅरिस्टॉटल सोडाच, पण शिकवणीची फीही परवडत नाही.

त्याच १९६६ साली अमेरिकेतच एम. आय. टी. या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा संवाद करणारा कार्यक्रम प्रसिद्ध केला. नाव घेतले होते शॉच्या ‘पिग्मॅलियन’ मधल्या फुलवालीवरून; मराठी वाचक तिला पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ म्हणून ओळखतात. ही एलायझा माणसाचेच वाक्य उलटून त्याला प्रश्नरूपाने परत देई. ‘मला आईची आठवण येते’ म्हटले की, ‘आईबद्दल आणखी सांगा’. आत समज अशी काहीच नव्हती. तरी वायझेनबाउम यांच्या स्वतःच्या चिटणीस बाई तिच्याशी बोलता बोलता इतक्या रंगल्या की, त्यांनी साहेबांनाच खोलीबाहेर जावयास सांगितले. वायझेनबाउम हादरले. यंत्र किती शहाणे आहे यापेक्षा, माणूस यंत्राला किती चटकन शहाणे समजतो, हा प्रश्न त्यांना भेडसावू लागला, आणि १९७६ साली त्यांनी त्यावर एक मोठे पुस्तक लिहिले. आज आमच्या मुलांना देण्याजोगा याहून मोलाचा धडा मला माहीत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने शिकवावयाचा पहिला नेटका प्रयत्न १९७० चा. हाइमे कार्बोनेल यांच्या ‘स्कॉलर’ या कार्यक्रमात दक्षिण अमेरिकेच्या भूगोलाची माहिती भरलेली होती. यंत्र मुलाला विचारी, आणि मुलगाही यंत्राला उलट विचारू शके. १९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी केलेले काम तर प्रत्येक अध्यापक विद्यालयात सांगावे असे आहे. वजाबाकीत मुले चुकतात ती वेंधळेपणाने, असे आपण समजतो. त्यांनी दाखवले की, पुष्कळदा मुलगा एखादा चुकीचा नियम अगदी इमानाने पाळत असतो. बेचाळिसातून सतरा वजा करताना तो पस्तीस लिहितो. कारण दोनातून सात जात नाहीत, म्हणून तो सरळ सातातून दोन काढतो. त्याला ‘नीट लक्ष दे’ म्हणून सांगण्यात काय अर्थ? तो लक्ष देऊनच चुकतो आहे. ‘बगी’ नावाच्या त्यांच्या कार्यक्रमात यंत्र चुकणाऱ्या मुलाचे सोंग घेई आणि भावी शिक्षकांनी त्याचा चुकीचा नियम ओळखावयाचा! यंत्राने शिक्षकाला मुलाचे मन वाचावयास शिकवावे, इतके सुंदर काम मला या साऱ्या इतिहासात दुसरे आढळले नाही.

सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर बाजूच पालटली. १९६७ साली त्यांनी ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. संगणकाने मुलाला चालवावयाचे नाही, मुलाने संगणकाला चालवावयाचे. पडद्यावरच्या कासवाला ‘इतके पुढे जा, इतके वळ’ असे सांगत मूल चौकोन काढी, वर्तुळ काढी, आणि काढता काढता भूमिती शिके. इथे चूक म्हणजे गुन्हा नव्हता. कासव का भरकटले हे शोधणे हाच अभ्यास होता.

१९८४ साली बेंजामिन ब्लूम यांनी एक हिशेब मांडला. एकेकट्याला शिकवणी मिळालेला सर्वसाधारण मुलगा नेहमीच्या वर्गातल्या १०० पैकी ९८ मुलांच्या पुढे जातो, असा तो हिशेब. यंत्रवाल्यांनी हा आकडा झेंड्यासारखा मिरवला. पुढे २०११ साली कर्ट व्हॅनलेन यांनी पुष्कळ अभ्यास एकत्र पडताळले, तेव्हा शिकवणीचा फायदा खरा असला तरी ब्लूम म्हणतात त्याहून बराच कमी असल्याचे दिसले. पण आणखीही एक गोष्ट दिसली: गणित पायरीपायरीने तपासणारी आणि अडलेल्या पायरीवर सूचना देणारी यंत्रे त्या फायद्याच्या जवळपास पोचत होती. नुसते अंतिम उत्तर तपासणारी मात्र बरीच मागे होती. मर्म पायरीत होते.

आता आपल्या देशाकडे वळू. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे एक वर्ष भारताने मोठा धाडसी प्रयोग केला. अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम थेट पोचवले. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. त्याच पडद्यावरून हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचे प्रशिक्षणही दिले गेले. वर्ष संपले आणि उपग्रह परत गेला. १९८४ साली निवडक माध्यमिक शाळांत संगणक आणण्याची योजना निघाली, इंग्लंडहून बी. बी. सी. मायक्रो नावाचे संगणक आले. माझ्या पिढीला शाळेतला पहिला संगणक आठवतो तो कुलूपबंद खोलीतला. चपला बाहेर काढावयाच्या, रांगेत उभे राहावयाचे, आणि कापडी झाकणाखालच्या त्या देवतेचे दर्शन घेऊन परतावयाचे. देव्हाऱ्यात बसवलेल्या साधनाने कोणी शिकत नाही.

याच्या अगदी उलट टोकाचा प्रयोग २६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीत कालकाजी येथे झाला. सुगत मित्र यांनी आपल्या कार्यालयाच्या भिंतीला भोक पाडून पलीकडच्या झोपडवस्तीकडे तोंड करून संगणक बसवला. शिक्षक नाही, पुस्तक नाही. मुलांनी आपापसांत शिकून तो चालवला. धाकट्याला थोरला दाखवू लागला. बेलने जे मद्रासेत पाहिले, तेच इथे दोनशे वर्षांनी पुन्हा अवतरले! तथापि संगणक चालवता येणे आणि गणित येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; भिंतीतल्या भोकातून शाळा उगवते असा अर्थ काढणाऱ्यांनी फार घाई केली.

आणि मग सोलापूर जिल्ह्यातली परितेवाडी. माढा तालुक्यातल्या या वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यू-आर संकेतचित्रे जोडली. मोबाइलने ते चौकोनी चित्र टिपले की कविता ऐकू येते, धडा चित्रांतून दिसतो. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतच अशी चित्रे आली. आणि २०१७ साली निघालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय व्यवस्थेमुळे देशभर हा मार्ग रुळला. डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि दहा लक्ष डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून दिली. मला यातला बोध वेगळाच वाटतो. एडिसन, प्रेसी, स्किनर हे सारे शाळेबाहेरून शाळेत आले. परितेवाडीचे साधन एका मास्तराने आपल्या वर्गातल्या गरजेतून जुळवले, आणि म्हणून ते रुजले.

मार्च २०२० मध्ये करोनाने शाळा बंद केल्या, तेव्हा या साऱ्या साधनांची कठोर परीक्षा झाली. माझ्या वर्गात ४२ मुले होती. त्यांतल्या कित्येकांच्या घरी एकच मोबाइल. तो बापाबरोबर सकाळी कामावर जाई आणि रात्री परत येई. म्हणून आमच्यातल्या काहींचा वर्ग रात्री आठला भरे. एक मुलगा आवाज यावा म्हणून टेकडीवर जाऊन बसे. साधन होते, धडे होते, इच्छा होती. परंतु ज्याच्या घरी दुसरा मोबाइल होता तो पुढे गेला आणि ज्याच्या घरी नव्हता तो मागे राहिला. यंत्र समता आणते, हे खरे. पण ती आणावयास आधी समता लागते.

इथवरची वंशावळ पाहिली की, आजचे बोलते यंत्र कोणाच्या वळणावर गेले आहे, हे विचारता येते. त्याची घडण थोडक्यात अशी. अफाट लिखित मजकूर त्याच्यातून काढलेला असतो. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणे संभवते, याचा अतिसूक्ष्म हिशेब ते शिकलेले असते. आणि त्या हिशेबाने ते वाक्यामागून वाक्य रचते. त्यामुळे खरे सांगताना आणि खोटे सांगताना त्याचा सूर एकच असतो. चुकणारा मुलगा अडखळतो, इकडेतिकडे पाहतो. त्यावरून मास्तराला कळते. हे यंत्र अडखळत नाही. शिवाय त्याने वाचलेल्या मजकुरात इंग्रजीचा महासागर आणि मराठीची ओंजळ. म्हणून आपल्या गावाविषयी, आपल्या शब्दांविषयी विचारले की ते पुष्कळदा सफाईने थापा मारते.

पण माझी मुख्य काळजी याहून निराळी आहे. वरचा सगळा इतिहास पुन्हा चाळून पाहा. प्रेसीच्या यंत्राने तपासणीचे कष्ट घेतले, ते मास्तराचे. चलच्चित्राने, रेडिओने सांगण्याचे कष्ट घेतले, तेही मास्तराचे. आजवरच्या प्रत्येक यंत्राने मास्तराचे काम वाटून घेतले आणि मुलाचे काम मुलाकडेच ठेवले. स्किनर तर हट्टाने म्हणाले की, उत्तर मुलानेच लिहिले पाहिजे. हे पहिले यंत्र असे आहे की, ते मुलाचे काम करावयास तयार आहे. निबंध ते लिहिते, गणित ते सोडवते, धड्याचा सारांश ते काढते. मास्तराची नोकरी जाईल की राहील, हा प्रश्न तेवढा मोठा नाही. मुलाचे कष्ट गेले तर मुलाजवळ काय राहील, हा खरा प्रश्न आहे.

हा नुसता म्हाताऱ्यासारखा कुरकुरण्याचा सूर नव्हे. २०२३ साली तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार मुलांवर प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०२५ साली प्रसिद्ध झाला. गणिताच्या सरावाला काही मुलांना साधे बोलते यंत्र दिले, काहींना शिक्षकांच्या सूचनांप्रमाणे बांधलेले दिले, जे उत्तर न सांगता फक्त पुढची पायरी सुचवी, आणि काहींना काहीच दिले नाही. साध्या यंत्रवाल्या मुलांचा सराव ४८ टक्क्यांनी सुधारला. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुले, ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांच्याहून १७ टक्के मागे पडली! बांधलेल्या यंत्रवाल्यांचा सराव १२७ टक्क्यांनी सुधारला आणि परीक्षेतले ते नुकसान बहुतेक टळले. म्हणजे यंत्र एकच. एकाने मुलाला कुबडी दिली, दुसऱ्याने हात धरला. फरक पडला तो शिक्षकांच्या सूचनांनी.

न्यूयॉर्क शहराच्या शाळाखात्याने जानेवारी २०२३ मध्ये हे यंत्र बंद केले आणि मे महिन्यात ती बंदी उठवली. बंदी टिकत नाही, हे आपल्यालाही गाईडांच्या अनुभवावरून ठाऊक आहे. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये जे मार्गदर्शन केले, त्यात वर्गातल्या वापरासाठी निदान १३ वर्षे वयाची अट सुचवली आहे. आपल्या २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानले आणि त्याची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती आवश्यक ठरवली. हे मला फार मोलाचे वाटते. धुळपाटीची एक थोरवी होती. मुलाने चुकीचे अक्षर काढले की तळहात फिरवून ते पुसता येई आणि ती चूक कोणाच्या वहीत राहत नसे. आजचे यंत्र मुलाची प्रत्येक चूक कायमची साठवू शकते. चुकण्याचा आणि ती चूक विसरली जाण्याचा हक्क लहानपणी नाही, तर कधी असावा?

गेल्या पावसाळ्यात मी आठवीला ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध घरून लिहून आणावयास सांगितला. आमचा मुलूख पर्जन्यछायेचा. पाऊस येतो तो लांबच्या पाहुण्यासारखा. वह्या आल्या, त्यांतल्या अकरा निबंधांत मोर नाचत होते, धबधबे कोसळत होते आणि सृष्टीने हिरवा शालू नेसला होता. भाषा निर्दोष होती. मी कोणाला रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याच विषयावरचा यंत्राचा निबंध मी फळ्यावर लिहून काढला आणि म्हणालो, यातले जे आपल्या गावात घडत नाही, ते खोडा.

वर्गात एकदम जीव आला. मोर गेला, धबधबा गेला, कागदाच्या होड्याही गेल्या, कारण तेवढे पाणी साचतच नाही. फळा जवळजवळ कोरा झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी तासाला क्वचितच तोंड उघडते, उभी राहिली आणि म्हणाली, “सर, आमच्याकडं ढग आलं की आई आधी सरपण आत घेती. मग शेरडं. मग आम्हाला हाक मारती. ते यात न्हाई.”

ते यात नव्हते आणि असणेही शक्य नव्हते. कारण ते अजून कोणी लिहिलेच नव्हते. तो तास मुलांनी वर्गात बसून नवा निबंध लिहिण्यात घालवला. अशुद्धे पुष्कळ होती. पण त्या दिवशी पाऊस आमच्या गावात पडला.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना माझे सांगणे एवढेच आहे. या यंत्राला भिऊ नका आणि त्याची आरतीही ओवाळू नका. कोणतेही नवे साधन वर्गाच्या दारात आले की, त्याला एकच प्रश्न विचारा: तू कुणाचे कष्ट घेणार? माझे घेणार असशील, तर ये, बैस. प्रश्नपत्रिकांचे नमुने काढ, तक्ते भर, एकाच गणिताची दहा रूपे करून दे, बेचाळिसातून सतरा चुकीचे वजा करणाऱ्याचा चुकीचा नियम कोणता असेल ते मला सुचव. माझा जो वेळ वाचेल, तो मी मागच्या बाकापाशी जाऊन बसण्यात घालवीन. पण मुलाचे कष्ट घेणार असशील, तर उंबऱ्याबाहेर थांब. आधी मुलाला लिहू दे, अडू दे, चुकू दे. मग मी बोलावीन तेव्हा आत ये, आणि त्याच्या लिहिण्यावर त्याला प्रश्न विचार.

दिवाळीची सुट्टी संपली की दुसरे सत्र सुरू होईल. ‘माझ्या गावची यात्रा’ हा निबंध त्यात यावयाचा आहे. या वेळी मुलांना मी तो आधी वर्गात लिहावयास लावणार आहे, आणि यंत्राचा निबंध नंतर वाचून दाखवणार आहे. तपासणारी मुलेच असतील.